लॅपटॉप म्हातारा झाला म्हणून कॉल का तोडता?

संपादक साहेब, नमस्कार.

विंडोज १० चा सपोर्ट, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून येणारे नेहमीचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून आमच्या कर्वेनगरात जो भेटतो तो एकच विचारतो, आता लॅपटॉप भंगारात द्यायचा का? मी सोसायटीतल्या लोकांचे कॉम्प्युटर जमेल तसे बघून देतो, पैसे घेत नाही, चहा घेतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे जरा जास्तच येतो. देऊ नका, एवढंच सांगतो. पण व्हिडिओ कॉलच्या ॲपवाल्यांशी थोडं भांडायचंय म्हणून हे पत्र.

आमच्याकडे बऱ्याच घरांत अजून विंडोज ७ आहे. त्याचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपला, म्हणजे लॉकडाऊनच्या जेमतेम दोन महिने आधी, आणि मग गंमत बघा, आमच्या आजीआजोबांनी व्हिडिओ कॉल शिकला तो याच मशीनवर, न्यू जर्सीच्या नातवाचं बारसं बघितलं ते पण यावरच. कॅमेरा तोच, माइक तोच, नेट तर तेव्हापेक्षा फास्ट आहे, फायबर आलंय, आणि आता ॲप उघडलं की खिडकी येते, तुमची ऑपरेटिंग सिस्टिम सपोर्टेड नाही, अपडेट करा. कुठून करणार अपडेट? विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सिक्युरिटीची चिप लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, २०१२ च्या लॅपटॉपमध्ये हे नसणारच. म्हणजे पीएमपीची बस स्टॉपवर उभी आहे, सीट रिकामी आहे, सुट्टे पैसे हातात आहेत आणि कंडक्टर म्हणतो तुमची चप्पल जुनी आहे, उतरा खाली.

फोनवर बोला की, असं पोरं सांगतात. अहो मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या माणसाला पंधरा इंची स्क्रीनवर चेहरा नीट दिसतो, फोनवर कपाळ आणि पंखा दिसतो.

बरं, ॲपवाले अगदीच खोटं बोलतात असं नाही. या ॲपपैकी बऱ्याच ॲपच्या पोटात क्रोमियम म्हणजे क्रोमचंच इंजिन असतं, आणि क्रोमने विंडोज ७ आणि ८.१ ला १०९ व्हर्जननंतर सोडलं, २०२३ च्या सुरुवातीला. त्याच्या पुढचं इंजिन विंडोजकडे अशा गोष्टी मागतं ज्या विंडोज ७ मध्ये नाहीतच, मग एंट्री पॉइंट नॉट फाउंड असला मेसेज येतो आणि विषय संपतो. इथे बरेच जण कम्पॅटिबिलिटी मोड लावायला सांगतात, त्याने काही होत नाही, कारण तो मोड नव्या विंडोजवर जुनं सॉफ्टवेअर चालवायला आहे, आपल्याला हवं ते नेमकं उलटं आहे. पण हे झालं नव्या व्हर्जनचं. माझं भांडण आहे ते जुन्या व्हर्जनवरून. जे व्हर्जन त्या मशीनवर आधीच बसलेलं आहे, काल रात्रीपर्यंत त्यावर गप्पा झाल्या, ते सकाळी सर्व्हरवरून बंद करतात, अपडेट केल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. म्हणजे मशीनला जमत नाही असं नाही, तुम्ही चालू देत नाही. मग तसं स्पष्ट लिहा ना स्क्रीनवर, म्हातारी माणसं आपलंच काहीतरी चुकलं म्हणून घाबरतात आणि परत हात लावत नाहीत.

सिक्युरिटीचा मुद्दा मला मान्य आहे, उगाच वाद नाही. सपोर्ट संपलेल्या विंडोजवर बँकेचं काम करू नये, पासवर्ड साठवू नयेत, व्हिडिओ केवायसी तर नकोच, हे मी सगळ्यांना बजावतो. विंडोज १० वाल्यांनी निदान ते जास्तीचं एक वर्षाचं सिक्युरिटी अपडेट चालू करून घ्यावं, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे ते. पण मुलीशी भाजीचे भाव बोलायला एवढा कडेकोट बंदोबस्त कशाला? लाल अक्षरात धोका सांगा आणि ठरवू द्या की माणसाला.

आता चालतं काय ते सांगतो. पहिलं म्हणजे ब्राउजर. कॉलसाठी लागणारं वेबआरटीसी हे तंत्र ब्राउजरमध्येच असतं, वेगळं ॲप बहुतेक वेळा लागतच नाही, पण ब्राउजरमधून जॉइन करा ही लिंक कितीतरी ठिकाणी इतक्या बारीक अक्षरात खाली टाकलेली असते की ॲप उघडायचे सगळे प्रयत्न फसल्यावरच ती दिसते, ही लबाडी आहे असं माझं स्पष्ट मत आहे. विंडोज ७ वर क्रोम थांबल्यावरही फायरफॉक्सच्या ११५ या लाँग सपोर्टवाल्या व्हर्जनला बराच काळ सिक्युरिटी अपडेट मिळत राहिले, आमच्याकडे त्यावर पुष्कळ दिवस निघाले. जित्सी ही व्हिडिओ कॉलची फुकट सेवा पण ब्राउजरमध्ये चालते, त्यांच्या साइटवर मीटिंग सुरू करणाऱ्याला लॉगिन लागतं, बाकीच्यांनी लिंक दाबायची आणि बोलायचं, सोपं आहे.

आणि ॲपला शिव्या घालायच्या आधी खाली कोपऱ्यातलं घड्याळ बघा. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर२०३२, तो मेला की दरवेळी तारीख मागे जाते आणि मग साइट खरी असल्याची सर्टिफिकेटं चुकीची ठरून काहीच कनेक्ट होत नाही. दुकानदार म्हणतो मशीन बदला. शे-पन्नास रुपयांचा सेल बदलला की झालं!

खरा कायमचा उपाय म्हणाल तर लिनक्स मिंट, विंडोजच्या जागी टाकायची फुकट ऑपरेटिंग सिस्टिम. चार जीबी रॅम, जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी म्हणजे तिच्यापेक्षा फास्ट डिस्क, ती तापकीर गल्लीत नाहीतर ऑनलाइन मिळते, बहुतेक वेबकॅम ड्रायव्हर न टाकता चालू होतात आणि अपडेट पण रेग्युलर येतात. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंना विंडोज गेलंय हे कळलंसुद्धा नाही, फक्त पत्त्यांचा गेम कुठे गेला म्हणून रागावल्या.

युरोपात २० जून २०२५ पासून नियम आहे की फोनचं मॉडेल विकणं बंद केल्यावरही निदान पाच वर्षं ऑपरेटिंग सिस्टिमचे अपडेट द्यायचे. आपल्या ग्राहक मंत्रालयाने २०२२ मध्ये राइट टू रिपेअर पोर्टल काढलं, चांगलं केलं, आता त्यात ॲपवाल्यांनाही घ्या, चालू व्हर्जन बंद करायचं असेल तर सहा महिने आधी सांगा आणि ब्राउजरची लिंक मोठ्या अक्षरात, मराठीत, त्याच खिडकीत द्या. ग्राहक पंचायत ही ग्राहकांची संघटना १९७४ मध्ये याच पुण्यात सुरू झाली, त्यांनी हा विषय हातात घ्यावा अशी विनंती आहे, कागदपत्रं आणि स्क्रीनशॉट लागले तर माझ्याकडे आहेत.

कळावे,
एक वाचक, कर्वेनगर, पुणे