पिठीचा अंदाज

चि. बाबूस,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तू फोनवर कुळथाची पिठी कशी करायची ते विचारलंस आणि आई म्हणाली, 'घाल आपलं अंदाजाने.' मी ओटीवर बसून ऐकत होतो. ताईच्या बाळंतपणाला ती दोन महिने गेली होती तेव्हा मलाही हेच उत्तर मिळालं होतं. पहिल्या दिवशी माझ्या पिठीत पळी उभी राहिली, दुसऱ्या दिवशी नुसतं कढण झालं. ती परत आल्यावर आठवडाभर मी वाटी-चमचा घेऊन तिच्या मागे उभा. ती मुठीने पीठ घ्यायची, मी ते ताटलीत ओतून मोजायचो. पार वैतागली, पण अंदाज कागदावर आला.

दोघांपुरतं लिहितो. तिथे तू एकटा, पण पहिल्या वाढीला थांबणारा नव्हेस.

पीठ पोह्याच्या चमच्याने शीग लावून तीन चमचे. ते अर्धी वाटी गार पाण्यात कालव. गारच हं, गरम पाण्यात गुठळ्या होतात आणि मग चमच्याने कितीही चिरडल्यास तरी जात नाहीत. पातेल्यात दोन चमचे तेल, मोहरी तडतडली की हिंग, ठेचलेल्या लसणाच्या पाच-सहा पाकळ्या, हळद, अर्धा चमचा तिखट. लसूण लालसर होऊ दे, पण तिखट करपायच्या आत दीड वाटी पाणी ओत. त्यात दोन आमसुलं. उकळी आली की कालवलेलं पीठ एका हाताने ओतायचं, दुसऱ्या हाताने ढवळायचं. इथे फोन घेऊ नकोस. पिठी दुधासारखी उतू जाते आणि शेगडीवर वाळली की खरवडावी लागते. मंद आचेवर सात-आठ मिनिटं, कच्चा वास जाईपर्यंत. मीठ शेवटी, चव बघून, कारण आमसुलाला आधीच मीठ असतं. गार झाली की आळते, म्हणून उतरवताना थोडी पातळच ठेव. आणि लोखंडी कढई वापरू नकोस, आंबटाने पिठी काळी पडते.

भात मऊ हवा. एका वाटीला तीन वाट्या पाणी, वर तूप. सोबत पोह्याचा पापड असला तर उत्तम, नसला तर कच्चा कांदा.

तू तिथल्या दुकानातून आणलेलं पीठ उग्र लागलं म्हणालास. ते बहुतेक न भाजता, सालासकट दळलेलं असणार. आपल्याकडे भात कापून झाला की त्याच ओलीवर कुळीथ पेरतात, वेगळं पाणी द्यावं लागत नाही. ते घरी आले की आई आधी खमंग भाजते, जात्यावर भरडते, पाखडून सालं काढते आणि मग गिरणीत देते. भाजायच्या दिवशी घरभर जो वास सुटतो तो काही मला चमच्यात मोजता आला नाही. तुला तो आवडायचा नाही, नाक धरून मागच्या पडवीत जाऊन बसायचास.

शनिवारच्या रातराणीने पार्सल पाठवतोय. पीठ दीड किलो, आमसुलं बरणीत, पापड मधे कपड्यात गुंडाळून. सकाळी सहाच्या आत स्टँडवर जा. मागच्या वेळी उशिरा गेलास आणि पापडांचा चुरा खाल्लास.

बाकी इकडे ठीक. सुपारीची शेवटची आळी करून झाली, माझा गुडघा बरा आहे.

हे पत्र आईला वाचून दाखवलं. म्हणाली, "तीन चमचे कुठले? अडीच." मी म्हटलं, मग अंदाज म्हणजे अडीच का? तर म्हणाली, "तसं नाही, ते पीठ कसं दळलंय त्यावर."

तुझे,
बाबा