पाच नंबरचं पुस्तक

कोल्हापूर
12 जुलै, रात्री

ती. आई आणि बाबा,
सा. न.

तुम्ही दादाकडं असलात तरी फोन रोज होतो, मग पत्र कशाला, असं आई म्हणेल. पण फोनवर काय होतं ते तिघांनाही माहीत आहे. दादा स्पीकर लावतो, मागं टीव्ही चालू असतो, बाबा "बरं बरं, जेवलीस का" म्हणून फोन आईकडं देतात, आणि पाऊस किती, पाणी किती, दूधवाल्याचे दिलेस का, एवढ्यावर गाडी थांबते. तेव्हा आधी तेच सांगून टाकते. राजाराम बंधाऱ्यावर संध्याकाळी 31 फूट होतं. इशारा 39 ला आणि धोका 43 ला, हे पाटबंधारे खात्यात जन्म काढलेल्या माणसाला मी सांगायला नको. दूधवाल्याचे दिले. माळ्यावर मागच्या कोपऱ्यात गळतंय, खाली मोठं पातेलं ठेवलंय. त्या गळतीवरूनच हे पत्र निघालंय, पण ते नंतर.

गेल्या वर्षी खेळाचं व्यवस्थापन शिकायला शेफिल्डला जायचं म्हणून बँकेचा राजीनामा दिला तेव्हा मावशीनं विचारलं होतं, "म्हणजे एवढं शिकून पीटीची बाई होणार?" काकांनी त्याच्यावर कडी करून क्रिकेटचा सट्टा काढला. बाबा, तुम्ही काहीच बोलला नाहीत. घराची कागदपत्रं पिशवीत घातलीत आणि माझ्याबरोबर कर्जाच्या सहीला आलात. रिक्षात एकदाच म्हणालात, "खर्डेकर सरांनी घर गहाण टाकलं, तर खाशाबा पदक घेऊन आला. तू काय आणणार?" मी हसले होते. शेफिल्डला डिसेंबरात दुपारी चारला अंधार पडायचा तेव्हा ते वाक्य आठवायचं, आणि दर वेळी हसू यायचंच असं नाही.

ती गोष्ट मी वर्गात सांगितली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी पैलवान खाशाबा जाधवांना ऑलिंपिकला पाठवायला 7000 रुपयांसाठी घर गहाण टाकलं, खाशाबा 1952 ला हेलसिंकीहून ब्राँझ घेऊन आले आणि मग कुस्त्यांचं मैदान भरवून त्यांनी ते घर सोडवलं. पोरं पदकावर खूश झाली. आमच्या बाईंनी विचारलं, "मैदान भरवायला खर्च किती आला? तिकिटं कुणी विकली? पैलवानांना काय दिलं?" मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. आई, कुणी विचारलं पोरगी काय शिकते, तर सांग की हेच शिकते. पदकाचं वस्ताद बघतो, आमच्याकडं मैदान भरवायचं काम.

म्हणजे ताळेबंद वाचायचा, स्पॉन्सरशी करार कसा करायचा, मॅच दाखवायचे हक्क विकायचे कसे, गर्दी आत कशी घ्यायची आणि बाहेर कशी काढायची. आयपीएलच्या 2023 ते 2027 अशा पाच वर्षांच्या प्रक्षेपणाचे हक्क 48,390 कोटींना गेले, हा आकडा काकांना सांगा, त्यांना बरं वाटेल. पण त्या धंद्याची दुसरी बाजूही आम्हाला शिकवतात. ऑगस्ट 2025 मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा आला आणि भारतीय संघाच्या जर्सीवरचं ड्रीम इलेव्हन या तसल्याच खेळाच्या कंपनीचं नाव बघता बघता उतरलं. त्याच्या आदल्याच महिन्यात इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेचा हंगाम अडला, कारण फुटबॉल महासंघाचा 2010 चा पंधरा वर्षांचा करार संपत आला होता आणि पुढचा झालाच नव्हता. वर्गातल्यांना याचं नवल वाटलं. मला नाही वाटलं. आपल्याकडं नेता निवडणुकीत पडला की त्याच्या नावाचा चषक पुढच्या वर्षी गायब होतो, हे पेठेतलं शेंबडं पोरगंसुद्धा जाणतं.

बाबा, तुम्हाला आवडेल असं एक सांगते. वॉल्टर नील नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञानं 1964 मध्ये एक विचार मांडला. बाकी कुठल्याही धंद्यात समोरचा दुकानदार बुडाला तर आपली चांदी. खेळात मात्र जो लुईसारख्या मुष्टियोद्ध्याला पैसा मिळायचा असेल तर समोर श्मेलिंगसारखा तगडा माणूस उभा पाहिजे. यावर आमच्या वर्गात दीड तास चर्चा झाली. मी मनात म्हटलं, हे तर खासबागच्या कुस्ती मैदानात शेंगा खात बसलेला कुठलाही म्हातारा सांगेल. जोड लागली पाहिजे. एकतर्फी कुस्ती लावली की लोक धोतर झटकून उठतात. शेवटी मी हात वर करून 'जोड' हा शब्द फळ्यावर देवनागरीत लिहिला. बाईंनी त्याचा फोटो काढून घेतला.

शेफिल्ड तसं आपल्यासारखंच खेळवेडं गाव आहे. जगातला सगळ्यात जुना फुटबॉल क्लब तिथला, 1857 चा. विद्यार्थ्यांच्या जागतिक स्पर्धेसाठी, 1991 ला, त्यांनी पंचवीस हजारांचं स्टेडियम बांधलं. 2013 ला ते बंद करून पाडायला घेतलं. स्पर्धेचं कर्ज मात्र शहर त्यानंतरही फेडत राहिलं. हे ऐकताना मला 1912 चं खासबाग आठवत होतं. मधे एक खांब नाही, कुठंही बसा, लाल मातीचा हौदा दिसतोच.

हिल्सबरो स्टेडियमही तिथंच, बसनं जाता येतं. 15 एप्रिल 1989 ला लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्टची सेमीफायनल होती. बाहेर फिरत्या फाटकांपाशी गर्दी साठली, म्हणून पोलिसांनी मोठं दार उघडलं, आणि लोक बोगद्यातून थेट मधल्या कोंडवाड्यांत घुसले, जिथं आधीच मुंगीला जागा नव्हती. 97 माणसं गेली. शेवटचा माणूस जखमा घेऊन 2021 पर्यंत जगला. मी एका रविवारी स्मारकापाशी जाऊन आले. गेलेल्यांच्या यादीतली वयं वाचायचा धीर होत नाही. तेव्हा मला तुम्ही आठवलात. फायनलला शाहू स्टेडियमच्या गेटवर उभे राहून "एकेक, एकेक, ए बाळा, ढकलू नको" म्हणणारे. आम्हाला तेव्हा वाटायचं, बाबा उगीच खेकसतात, बाकीच्यांचे बाप कसे सोडतात पोरांना.

आता तालमीचं, म्हणजे आपल्या पेठेच्या फुटबॉल संघाचं. माझा प्रबंध पेठेच्या फुटबॉलच्या पैशावर आहे, हे तुम्हाला सांगितलंय, पण तुम्ही "हं" म्हणून सोडून दिलंत. जमा कुठून, खर्च कशावर, बाहेरचा खेळाडू आणायचा तर त्याचं मानधन कोण देतो, आणि मॅच यूट्यूबवर लाइव्ह जाते तेव्हा जाहिरातीचे पैसे कुणाच्या खिशात. त्या मॅचेस मी तिथून बघायचे. इथं दुपारचे चार, तिथं सकाळचे साडेदहा, हातात चहा, आणि स्क्रीनच्या खाली सराफाची जाहिरात. आई सांगत होती की तुम्हीही बघता, आवाज बंद करून.

गेल्या आठवड्यात तालमीत गेले. मुलगी एकटी वही-पेन घेऊन आली म्हणून आधी सगळे सावरून बसले, कुणीतरी बनियनवर शर्ट चढवला. चहा आला. मी विचारलं, मागच्या मोसमाचा हिशेब बघायला मिळेल का.

"हिशेब? हिशेब कुठला घिऊन बसलीस पोरी," एक जण म्हणाले. "कमी पडलं की कुणीतरी खिशात हात घालतंय. झालं."

"कुणी किती घातले ते?"

"ते काय लिहून ठेवायचं असतंय व्हय?"

पीटर स्लोन नावाच्या दुसऱ्या एका अर्थतज्ज्ञानं 1971 मध्ये लिहिलंय की फुटबॉल क्लबला नफा नको असतो, त्याला जिंकायचं असतं, आणि त्यापायी तो खिसा फाटेपर्यंत खर्च करतो. त्याला आपल्या कट्ट्यावर आणून बसवायला पाहिजे होतं. मी वही मिटणार एवढ्यात कोपऱ्यातले एक म्हातारे, जे तोवर एक अक्षर बोलले नव्हते, म्हणाले, "हिच्या बापाच्या टायमाला वही हुती."

मग कुणीच काही बोललं नाही. मी कप उचलून मोरीपाशी ठेवला आणि निघाले.

बाबा, मी तेव्हा नऊ वर्षांची होते, पण मला सगळं आठवतंय. मॅच झाली की रात्री आपल्या पुढच्या खोलीत वर्तमानपत्र पसरलेलं असायचं. नाण्यांच्या चळती तुम्ही लावायचात, नोटा आई मोजायची, दहाच्या वेगळ्या, पन्नासच्या वेगळ्या. माझ्याकडं स्पंजच्या डबीत पाणी घालायचं काम. तुम्ही काउंटरफॉइलची, म्हणजे विकलेल्या तिकिटांच्या उरलेल्या अर्ध्या तुकड्यांची गड्डी अंगठ्यानं फर्र करून सोडायचात आणि त्या वाऱ्यानं माझी झुलपं उडायची. मग लाल रेघांच्या वहीत आकडा. आकडा जुळल्याशिवाय ताट वाढायचं नाही, आई कितीही ओरडली तरी.

आणि 2004 ची ती मीटिंगही आठवते. फायनलच्या हिशेबात 1340 रुपये कमी आले. मीटिंगमध्ये कोण काय म्हणालं ते मला कुणी सांगितलं नाही, पण दुसऱ्या दिवशी आईनं भिशीचे पैसे काढून दिले, तुम्ही ते टेबलावर ठेवून आलात, आणि त्यानंतर तालमीची पायरी चढला नाहीत. आजही मंडईला जाताना पलीकडच्या बोळातून वळसा घालून जाता. गुडघा एवढा दुखत होता तरी वळसा चुकला नाही.

तर गळती. परवा पातेलं ठेवायला माळ्यावर चढले तेव्हा पत्र्याचा डबा दिसला, तो बिस्किटांचा, झाकणावर पोपट असलेला. आत काउंटरफॉइल होती, सुतळीनं बांधलेली. खालचा थर ओला झाला होता. मी ती सगळी पुढच्या खोलीत फॅनखाली वाळत घातली, आणि सहा वर्षं बँकेत काढल्यावर माणूस जे करणार तेच केलं. मोजायला बसले.

फायनलसाठी बारा पुस्तकं छापली होती, प्रत्येकी शंभर तिकिटं, दर दहा रुपये. डब्यात अकराच पुस्तकांची काउंटरफॉइल आहेत. पाच नंबरचं पुस्तक, 401 ते 500, नाही. भिजून गेलं म्हणावं तर चौथं आणि सहावं कोरडं ठणठणीत आहे. म्हणजे पाचवं पुस्तक कुणाला तरी विकायला दिलं होतं आणि ते परतच आलं नाही. ना पैसे, ना पुस्तक. हजार रुपये तिथंच गेले. उरलेल्या 340 चं मला काही सुचलेलं नाही. दोनदा मोजलं, तेवढेच राहतात. तुम्ही भिंतीवरून उतरवून आत घेतलेली पोरं असतील तर तसं सांगा, मी आता रागावणार नाही.

पुस्तक कुणाकडं होतं ते तुम्हाला तेव्हाही माहीत असणार, असा माझा अंदाज आहे. ते नाव मला नको. मला वही पाहिजे. कुठल्या पुस्तकाची विक्री कुणाकडं, पैसे कधी जमा, पोलीस बंदोबस्ताचे किती, मैदानाचं भाडं किती, बक्षिसाचे किती, हे 2004 च्या आधीच्या आठ मोसमांचं आख्ख्या पेठेत फक्त तुमच्याकडं लिहिलेलं आहे. डब्यात वही नाही. गोदरेजच्या कपाटात आतल्या खणात असेल तर त्याची किल्ली तुमच्या पाकिटात आहे. दादा शनिवारी येतोय, त्याच्याकडं द्या.

आणि तुमची मुलाखत पण पाहिजे. त्यासाठी सोबत एक फॉर्म जोडलाय. विद्यापीठाचा नियम आहे, माहिती देणाऱ्याची लेखी संमती घ्यावीच लागते, सख्खा बाप असला तरी. किंबहुना बाप आहे म्हणून एक जास्तीचा परिच्छेद लिहून द्यावा लागला. मराठी मीच केलंय, अवघड वाटलं तर आईला वाचून दाखवायला सांगा. त्यात लिहिलंय की तुम्ही कुठल्याही प्रश्नाला उत्तर द्यायला नकार देऊ शकता आणि कधीही माघार घेऊ शकता. प्रबंधात तुमचं नाव येणार नाही, 'माहितीदार 7' असं येईल. पेठेत कुणालाही ओळखू येईल हे मला कळतं, आणि तेच तुम्हाला नको असेल तर सही करू नका. मग मी दुसरं काहीतरी बघेन. कट्ट्यावरच्या सहा जणांवर प्रबंध उभा राहील, जरा लंगडत.

आई, तुझ्यासाठी. नोकरीचं विचारत होतीस. मुंबईत एका लीगच्या कामासाठी सहा महिन्यांचं कंत्राट मिळेल असं दिसतंय. पगार बँकेपेक्षा कमी आहे, हे मी लपवत नाही. या धंद्यात सुरुवात अशीच होते, मोसमापुरती. शिकणं संपल्यावर हप्ता सुरू व्हायला मधे काही महिने मिळतात, तेवढ्यात बस्तान बसवते. पहिले दोन-तीन हप्ते ओढाताण होईल, पण तुमच्या पेन्शनला हात लावायची वेळ येऊ देणार नाही. लग्नाचं बोलायचं असेल तर फोनवर बोल, स्पीकर बंद करून.

बाबांना व्यायाम दोन्ही वेळा करायला लाव. फिजिओथेरपीवाला पुढं बघत असला की ते आकडे चुकवतात असं वहिनी म्हणत होती, दहाचे सात करतात. तेवढा एकच हिशेब त्यांचा जुळत नाही.

फॉर्मवर सही दोन ठिकाणी आहे, दुसरी मागच्या पानावर. तारीख घाला.

तुमची,
सुमी

ता. क. : पत्र बंद करता करता बघितलं, बंधाऱ्यावर आता 31 फूट 8 इंच. काउंटरफॉइल अजून वाळलेली नाहीत, म्हणून पुढच्या खोलीत कुणाला बसवत नाही.