स्ट्यूत हळद नको

चि. मनू,

काल फोनवर म्हणालीस, "बाबा, स्ट्यू पाणचट झाला, म्हणून शेवटी हळद आणि गरम मसाला टाकला." तेव्हा मी काही बोललो नाही, पण ते मनातून गेलं नाही. गॉलवेत एकटी राहून तू स्वतःसाठी मटण शिजवतेस याचं मला फार कौतुक आहे. पण तू इथे आयर्लंडमध्ये वाढलीस, तर इथला स्ट्यू तुला इथल्यासारखा यायला हवा.

डब्लिनला आलो त्या पहिल्याच हिवाळ्यात शेजारच्या आजींनी तो मला शिकवला. आपल्या सवयीने मी मटण परतायला घेतलं, तर त्यांनी माझा हातच धरला. हा स्ट्यू पांढरा राहतो. त्यात परतणं नाही, वाटण नाही. पूर्वी इथे मेंढी पाळायची ती लोकरीसाठी, म्हातारी झाली की मग कापायची. ते चिवट मटण कांदा-बटाट्याबरोबर पाण्यात तासन्‌तास शिजायचं. चव येते ती हाडातून आणि वेळातून.

खाटकाकडे मानेचं मटण माग, नाहीतर जिगट चॉप्स, म्हणजे खांद्याचे हाडासकट तुकडे. मांडीचं नको, कोरडं पडतं. किलोभर मटणाला किलोभर बटाटे आणि तीन कांदे. केर्स पिंक जातीचे बटाटे मिळाले तर तेच घे, पिठूळ असतात. अर्ध्या बटाट्यांच्या पातळ चकत्या तळाशी लाव. त्या विरघळतात आणि रस्सा आपोआप दाट होतो, मैदा लागत नाही. त्यावर मटण, कांदा, मीठ, मिरी, थाइमची एक काडी. उरलेले बटाटे मोठे ठेवून सगळ्यात वर. पाणी मटण जेमतेम बुडेल इतकंच, वरचे बटाटे वाफेवर शिजतात. तुझं बहुतेक इथेच चुकलं, पाणी जास्त झालं.

एक उकळी आली की वरचा फेस काढ, झाकण ठेव आणि आच अगदी बारीक कर. दीड ते दोन तास. रटरटू दिलंस तर मटण आवळतं. पार्सली उतरवताना घाल. गाजर आजी घालत नसत, पण बऱ्याच घरांत घालतात. तुला आवडतं, घाल.

आजी ताटलीतला शेवटचा बटाटासुद्धा सोडा ब्रेडने पुसून खायच्या. १८४५ साली इथल्या बटाट्यावर रोग पडला आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं भुकेने आणि साथींनी गेली. आजींना तसं खाताना बघितलं की मला ते आठवायचं, आणि मीही ताटलीत काही ठेवत नसे.

शक्यतो आदल्या दिवशी कर, मुरला की जास्त छान लागतो. फ्रिजमध्ये वर चरबी गोठते, ती चमच्याने काढून टाक.

शनिवारी सकाळच्या बसने मी येतोय. मानेचं मटण इथूनच आणतो. हळद-मसाल्याचा आपला रस्सा रविवारी करू. मोठं पातेलं आहे ना तुझ्याकडे, तेवढं कळव.

तुझा,
बाबा