काळ्या धुराला न घाबरलेल्या मेस्त्रीकाकांना

मेस्त्रीकाका, सादर नमस्कार.

असं जाहीर पत्र लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही, हे ठाऊक आहे. आम्ही घेतलेल्या जुन्या बोटीचं इंजिन तुम्ही सौद्याआधी तपासून दिलंत, त्याचं पाकीट घेऊन दादा तुमच्या घरी आला तेव्हा तुम्ही ते न उघडताच परत केलंत. "इंजिनाचा ऑईल कुलर बसवला त्याचे पैसे घेतले. बघण्याचे कसले पैसे?" म्हणालात. आता आम्ही करायचं काय? म्हणून चारचौघांत लिहितेय. शिवाय मे महिना तोंडावर आलाय. हर्णै बंदरात आणि आंजर्ल्याच्या खाडीत 'बोट काढायची आहे' अशी कुजबुज पुन्हा सुरू होईल, आणि पाजपंढरीपासून बुरोंडीपर्यंत कुणीतरी पोरगा कर्ज काढून जुनी बोट घ्यायला निघेल. तुम्ही आमच्यासाठी काय केलंत ते त्याच्याही कानावर जाऊ दे.

बोटी मे महिन्यातच का विकायला निघतात, ते आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. त्या दिवसांत बोट वर ओढायची, शाकारायची, फळ्या बघायच्या, रंग काढायचा आणि इंजिनाला हात लावायचा. हा खर्च ज्याला नको असतो तो त्याच्या आधी बोट फुंकून टाकतो. म्हणजे घेणाऱ्याच्या हातात नेमकं ते इंजिन येतं, ज्याचं दुखणं पुढच्याच महिन्यात उघडं पडणार असतं. आणि आपली माणसं बघतात काय? लाकूड ठोकून बघतात, विंच बघतात, जाळी मोजतात. इंजिन सुरू करतात, दोन मिनिटं कान देतात आणि "आवाज बरा आहे" म्हणून मोकळे होतात. गेल्या वर्षी आमच्या वेळी दलालाने तर आल्या आल्या सांगून टाकलं होतं, "इंजिन टकाटक आहे, कालच ऑईल बदललंय." बाबांची मान अर्धी हललीच होती. आईचे डाग पतसंस्थेत ठेवायचं ठरलेलं, दुसरं गिऱ्हाईक रत्नागिरीहून निघालंय अशी आवई उठलेली. घाई आम्हालाच होती.

तुम्ही इंजिनाच्या खोलीत उतरलात आणि तोंडातून शब्द काढण्याआधी तळहात ब्लॉकवर ठेवलात. गरम! खलाशी म्हणाला, "तुमचा वेळ जाऊ नये म्हणून जरा फिरवून ठेवलंय." तुम्ही चिडला नाहीत की हसला नाहीत. "उद्या उजाडायला येतो. रात्रभर कुणी हात लावू नका," एवढंच बोललात आणि शिडी चढून वर आलात. दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

त्याला चहाच्या टपरीवर तुम्ही जे समजावलंत ते मी वहीत लिहून ठेवलंय. डिझेल इंजिनाला ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा पंधरा-वीस पट दाबली जाते, त्या दाबाने ती एवढी तापते की आत उडवलेलं डिझेल आपोआप पेटतं. दट्ट्याच्या रिंगा आणि लायनर, म्हणजे सिलिंडरचं आतलं अस्तर, झिजले की दाब गळतो. इंजिन गरम असेल तर ते तरीही सुरू होतं आणि सगळं झाकलं जातं. थंड इंजिन मात्र खोटं बोलत नाही. ते किती फिरवल्यावर पेटतं, सुरू झाल्यावर पांढरा धूर किती वेळ राहतो, एखादा सिलिंडर अडखळतो का, हे पहिल्या मिनिटात जे कळतं ते नंतर दिवसभर बसलात तरी कळायचं नाही.

रात्रभर इंजिन उभं ठेवण्यामागे तुमचा आणखी एक डाव होता, तो सकाळी उघड झाला.

दादाला वाटलं आता स्टार्टर मारणार. तुम्ही आधी तेल घालायच्या तोंडाचं झाकण काढून उलटं केलंत. आतल्या बाजूला ताकावरच्या लोण्यासारखा पांढुरका थर. बाबांनी कपाळाला हात लावला. तुम्ही म्हणालात, "थांबा. इंजिन पुरतं न तापवता बंद केलं तर दमटपणानेही असं धरतं. याच्यावर फाशी द्यायची नाही." मग तेलाची पातळी बघायची दांडी काढलीत. तेल स्वच्छ, सोनेरी, पण पातळी खुणेच्या वर. तेव्हा तुम्ही तेल काढायचा हातपंप घेतलात, ज्याची नळी पार इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरच्या तळाला जाते, आणि पहिले चार दट्टे एका काचेच्या बरणीत मारलेत. पाणी तेलापेक्षा जड. रात्रभर इंजिन हललं नाही तर ते खाली बसतं आणि पंपातून तेच आधी येतं. बरणीत बोटभर पाणी आलं. तुम्ही करंगळी बुडवलीत, जिभेच्या टोकाला लावलीत आणि थुंकून म्हणालात, "खारं."

हा एक शब्द आम्हाला केवढ्याला पडला असता, ते नंतर कळलं. पाणी गोडं असतं तर ते इंजिनाच्या आत फिरणारं पाणी. म्हणजे हेडची गॅस्केट गेली किंवा लायनरला चीर, इंजिन पुरतं खोलावं लागणार. खारं म्हणजे समुद्राच्या बाजूने आलेलं. संशय ऑईल कुलरवर, जिथे नळ्यांतून फिरणारं समुद्राचं पाणी तेल थंड करतं. ते पाणी निघून नुसतं तेल येईपर्यंत तुम्ही पंप मारलात, पातळी बघितलीत आणि मगच स्टार्टरला हात लावू दिलात. दुसऱ्याच फेऱ्याला इंजिनाने पकडलं, पांढरा धूर आला आणि लगेच गेला. तुम्ही खुशीत मान हलवलीत. मला वाटलं, तेलात समुद्र घुसलेल्या इंजिनावर हा माणूस खूश कसा काय?

मग तुम्ही मला वर बोलावून बाजूने पडणारं कुलिंगचं पाणी दाखवलंत. त्यावर इंद्रधनुष्यी तवंग होता. इंजिन चालू असताना तेलाचा दाब पाण्यापेक्षा जास्त, म्हणून कुलरच्या फुटक्या नळीतून तेल समुद्रात जातं. इंजिन बंद झालं की तेलाचा दाब शून्य, आणि कुलर पाण्याच्या रेषेखाली, म्हणून समुद्र तेलात येतो. चोर एकच, दिवसा बाहेर जातो आणि रात्री घरात शिरतो, असं तुम्ही म्हणालात. कुलरच्या टोकाचं बूच खोललंत तर तिथली जस्ताची कांडी जवळजवळ संपलेली. नुसता पितळी बुडखा उरला होता. ती कांडी असतेच झिजायला. खाऱ्या पाण्यात दोन धातू एकत्र आले की एकाचा बळी जातो, तो जस्ताचा जावा, तांब्याच्या नळ्यांचा जाऊ नये. किरकोळ किमतीची कांडी. बंदरातल्या किती बोटींत ती वेळच्या वेळी बदलत असतील देव जाणे. माझा अंदाज विचाराल तर फारच थोड्या.

खरा प्रश्न पुढे होता. खारं पाणी तेलातून फिरत राहिलं असेल तर बेअरिंगांचं काय झालंय? तेल नवंकोरं, त्यातून काही कळणार नाही. "तेल बदललंय, पण फिल्टर बदललाय का?" असं तुम्ही खलाशाला विचारलंत. तो गप्प. फिल्टर जुनाच होता, आणि इंजिनाच्या पोटातून जे काही सुटलं असेल ते सगळं त्याच्यातच अडकलेलं. दादा हॅक्सॉ घेऊन धावला तर तुम्ही त्याला अडवलंत. "आरीचा चुरा आत पडेल, मग तोच बघून म्हणाल इंजिन झिजलं." पत्र्याच्या कात्रीने डबा कापलात, आतला कागद उलगडून उन्हात धरलात, घडीन् घडी बोटाने चाचपलीत. कागदावरून लोहचुंबक फिरवलंत, काही चिकटलं नाही. पिवळी-रुपेरी चमक चुंबकाला लागत नाही, ती डोळ्यांनीच शोधायची, हेही तेव्हाच सांगितलंत. एका घडीत दोन-तीन बारीक कण होते. ते कागदात बांधून तुम्ही खिशात टाकलेत आणि म्हणालात, "बेअरिंगवर ओरखडा असेल, पण घाबरण्यासारखं नाही. पुढच्या बंदीत उघडून बघू."

काळ्या धुराची गंमत इथे सांगायलाच हवी. खाडीबाहेर सुवर्णदुर्गाच्या बाजूला बोट पुरी दाबली तेव्हा धुराड्यातून असा काळा लोट निघाला की बाबा म्हणाले, "चला परत, सौदा नको." इंजिनाच्या पाटीवर मिनिटाला १८०० फेरे लिहिलेले आणि काटा १५५० च्या पुढे सरकेना. कुणीही म्हणालं असतं, इंजिन म्हातारं झालं. तुम्ही पुन्हा तेलाच्या तोंडाचं झाकण सैल केलंत आणि चालू इंजिनावरच त्या तोंडावर उलटं ठेवलंत. रिंगा गेलेल्या असत्या तर आतली हवा वर फुंकून ते नाचलं असतं, उडालं असतं. ते शांत बसून राहिलं. मग हळू चालीवर, सिलिंडरमध्ये डिझेल उडवणाऱ्या एकेका इंजेक्टरच्या नळीचा नट फडक्यात धरून सैल केलात. बाकीच्यांना चांगलं दोन हात लांब उभं केलंत, कारण त्या दाबाचं डिझेल चामडी फोडून आत शिरतं. पाच सिलिंडरांचं डिझेल असं तोडल्यावर इंजिन दर वेळी खाली बसलं, चौथ्याला फारसा फरक पडला नाही. एक नोझल, म्हणजे इंजेक्टरचं तोंड, अशक्त. पण एका नोझलने एवढा धूर होत नाही.

उत्तर ओहोटीला मिळालं. बोट खाडीत टेकली, तुम्ही पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उतरलात आणि बोट ढकलणाऱ्या पंख्याच्या पात्यावरून हात फिरवलात. हंगामभराची शिंपलं आणि कालवं तळाला आणि पंख्यालाही चिकटलेली. बोट पाण्यात ओढणं जड झालं की गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचे फेरे सांभाळणारा भाग, डिझेल वाढवत जातो, हवा मात्र आहे तेवढीच, मग अर्धवट जळलेलं डिझेल काळं होऊन बाहेर पडतं. ज्याने आमचा जीव घाबरा केला होता ते काम खरवडणी आणि रंगाचं निघालं, आणि ज्याचा आवाज नाही, धूर नाही, वास नाही, ते इंजिन खाणारं निघालं.

त्यानंतर ओट्यावर बसून तुम्ही जो हिशेब मांडलात, त्याचे आभार मला वेगळे मानायचे आहेत. बोट घ्या किंवा घेऊ नका, असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. कुलरचा गाभा नवा, नोझल, गिअरबॉक्सचं तेल, डिझेलची टाकी धुणं, कारण तळातून काढलेल्या बाटलीत पाणी आणि काळा बुळबुळीत गाळ होता, आणि पुढच्या वर्षीचं बेअरिंग. प्रत्येकापुढे आकडा. हा कागद तुम्ही विकणाऱ्या नाखव्यासमोरच वाचलात. त्याचं इंजिन रिंगांनी चांगलं आहे हेही त्याच्यासमोरच सांगितलंत. तो माणूस खोटा नव्हता, त्याच्या खलाशांनी त्याला कधी काही सांगितलंच नव्हतं. त्याने तो खर्च किमतीतून कमी केला आणि दोघांच्याही मनात काही राहिलं नाही. दलालाने तुम्हाला बाजूला नेऊन काय देऊ केलं ते मी ऐकलं होतं, काका. तुम्ही काय उत्तर दिलंत तेही. ते इथे लिहीत नाही, छापण्यासारखं नव्हतं!

पावसाळ्यात तुम्ही दादाला कामात बसवून घेतलंत. टाकी बंदीच्या दिवसांत भरलेली ठेवायची, रिकाम्या टाकीत दमट हवेचं पाणी होतं. पंख्याचा शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथल्या ग्लँडमधून शाफ्ट चालू असताना थेंब-थेंब पाणी यायलाच हवं, कोरडी आवळली तर शाफ्ट जळतो. समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पंपातलं रबरी पात्यांचं चाक, म्हणजे इंपेलर, वर्षाला काढून बघायचा, पातं तुटलं असेल तर तुकडा कुठे अडकलाय तो शोधल्याशिवाय पंपाचं झाकण लावायचं नाही. मत्स्यव्यवसाय खात्याच्या प्रशिक्षण केंद्रांत नौकानयन आणि सागरी डिझेल इंजिनाच्या देखभालीचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम असतो, हे दादाला पहिल्यांदा तुमच्याकडून कळलं. त्याने अर्जाची चौकशी केली आहे. तुम्ही विचाराल म्हणून आधीच सांगते.

ऑगस्टमध्ये बोट पाण्यात गेली तेव्हा काटा १७८० वर गेला आणि धुराड्यातून फिक्कट राखाडी रेघ निघाली. तेलाच्या दांडीवर दादा रोज सकाळी इंजिन सुरू करण्याआधी नजर टाकतो. जस्ताची कांडी दिवाळीत बदलली. जुनी अर्धी झिजलेली होती, ती त्याने तुम्हाला दाखवायला डब्यात ठेवलीय.

तुमच्या खिशातले ते कण अजून आहेत ना? बंदी लागली की इंजिनाच्या तळाचं तेलाचं चेंबर उतरवून मेन बेअरिंगची टोपी काढायची ठरलंय. दादाने गॅस्केट आणि तेल आणून ठेवलंय, बेअरिंगचा माप-नंबर तेवढा तुम्ही बघून सांगा म्हणजे मुंबईहून मागवता येईल. या वेळी बघण्याचे पैसे धरूनच हिशेब करायचा, असं बाबांनी सांगितलंय, आणि ते ऐकणार नाहीत. काकूंनाही घेऊन या. आईने सोड्यांची खिचडी करायची ठरवलीय, सोडे मार्चमध्येच सुकवून ठेवलेत.

आपली,
पाजपंढरीहून, तुमच्या नव्या चेल्याची बहीण