कपाटांची कुलपं काढा, मग वाचकांना नावं ठेवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

१५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन जवळ आला की ‘हल्ली कोणी वाचत नाही’ हे भाषण गावोगाव ऐकू येतं. अनेकदा ज्या सभागृहात ते होतं, तिथेच भिंतीला लागून पुस्तकांची कपाटं असतात आणि त्यांना कुलपं घातलेली असतात. हे पत्र त्या कुलपांबद्दल आहे.

वाचनालयात येणारा माणूस पुस्तकाचं नाव ठरवून क्वचितच येतो. “काहीतरी चांगलं द्या,” एवढंच म्हणतो. यातलं ‘चांगलं’ प्रत्येकाचं निराळं असतं. एकाला रिकाम्या दुपारी सोबत हवी असते. घरात आजारी माणूस असलेल्या बाईंना मध्येच उठावं लागलं तरी धागा तुटणार नाही असं पुस्तक लागतं. कुणी बजावून सांगतो, रडकं नको. बारावीतल्या मुलीला घरात विचारता येत नाही अशा एखाद्या गोष्टीचं उत्तर हवं असतं, पण ते ती काउंटरवर मोठ्यानं मागणार नाही. ज्ञानवृद्धीसाठी, व्यक्तिमत्त्व विकासासाठी वाचणारेही असतात, पण थोडे. भाषणांत मात्र तेवढेच असतात.

देवघेवीला बसणाऱ्यानं अशा वेळी ‘कादंबरी देऊ की चरित्र?’ असं विचारू नये, त्याचं उत्तर ‘काहीही चालेल’ असंच येतं. ‘अलीकडे कुठलं पुस्तक अर्धं सोडलंत?’ असं विचारावं. आवडलेल्या पुस्तकाबद्दल लोक भिडेखातर बोलतात, सोडून दिलेल्याबद्दल खरं सांगतात.

पण याहून मोठा उपाय म्हणजे वाचकाला पुस्तकांपर्यंत जाऊ देणं. आपल्याला काय हवंय हे बहुतेकांना पुस्तक हातात घेतल्यावरच कळतं. मधलं एखादं पान वाचायचं, टाइप डोळ्यांना झेपतो का पाहायचं, जाडी अजमावायची, मग ठरवायचं. छापील यादीवरून हे होत नाही. म्हणून तर नुकत्याच परत आलेल्या पुस्तकांच्या टेबलाशी वाचक घुटमळतात. तेवढीच पुस्तकं त्यांना मोकळी मिळतात, आणि कुणीतरी वाचून आणलंय हीही एक शिफारसच असते. आपण मात्र ती चटकन उचलून कपाटात कोंडतो.

यात नवीन काहीच नाही. ‘ग्रंथ उपयोगासाठी आहेत’ हे ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथनांच्या पाच सूत्रांतलं पहिलं सूत्र १९३१ सालचं, आणि मुक्तद्वार पद्धतीचा, म्हणजे वाचकाला थेट कपाटापर्यंत जाऊ देण्याचा, आग्रह त्यांनी तेव्हापासूनच धरला. त्याच्याही आधी बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली अमेरिकेहून ग्रंथालयतज्ज्ञ विल्यम बोर्डन यांना बोलावून ग्रंथालयांचं जाळं उभं केलं आणि लाकडी पेट्यांतून पुस्तकं खेड्यापाड्यांत पाठवली.

मग कुलूप का? धास्तीपोटी. पुस्तक हरवलं तर किंमत आपल्याकडून वसूल होईल, असं तुटपुंज्या मानधनावरच्या ग्रंथपालाला वाटतं, आणि त्यात त्याची चूक नाही. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत याला उत्तर आहे. वर्षभरात वाचकांनी हाताळलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गहाळ होणं तिथे रास्त धरलं आहे, मात्र त्यात अप्रामाणिकपणा किंवा हयगय नसावी. एक हजार रुपयांवरचं किंवा दुर्मीळ पुस्तक गेलं तर चौकशी व्हावीच. हे नियम गावच्या वाचनालयाला थेट लागू नाहीत, पण कार्यकारिणीला याच धर्तीवर ठराव करायला कोण अडवतं? दुर्मीळ आणि संदर्भग्रंथ कुलपात राहू द्यावेत. बाकीच्यांसाठी पिशव्या दाराशी ठेवायला लावणं आणि वर्षातून एकदा दाखल नोंदवहीवरून (जीत आलेलं प्रत्येक पुस्तक नोंदवतात) मोजदाद करणं पुरेसं आहे.

कपाटं उघडण्याआधी एका कपाटातली शंभर पुस्तकं काढून मागची, पुस्तक कधी कधी नेलं त्या तारखांची चिठ्ठी पाहावी. यंदा शिक्का पडलेली, दोन-तीन वर्षांत एकदा तरी गेलेली आणि कधीच न गेलेली, असे तीन गठ्ठे करावेत. तिसऱ्या गठ्ठ्यातली सगळीच पुस्तकं टाकाऊ नसतात. काहींच्या पाठीवरचं नाव उडालेलं असतं, काही चुकीच्या विषयात बसलेली असतात, तर काही सर्वांत खालच्या फळीवर, जिथे गुडघेदुखीवाला वाचक वाकत नाही. पाठीवर नावाची नवी चिठ्ठी लावून ती डोळ्यांच्या उंचीवर, मुखपृष्ठ समोर करून ठेवली की त्यातली बरीच उठतात. फळी पाऊण भरावी. ठासून भरली की वाचक पुस्तक माथ्याला धरून ओढतो आणि बांधणी तिथूनच उसवते. पावसाळ्यात भिंत आणि कपाट यांत वीतभर अंतर हवंच, नाहीतर ओल आधी आणि वाळवी मागोमाग.

खरोखर मेलेली पुस्तकं मात्र कपाटातून काढून टाकली जात नाहीत, कारण वाचनालयाचा दर्जा ठरताना ग्रंथसंख्या मोजली जाते. वाचून किती गेली यापेक्षा आहेत किती याला भाव. त्यात मार्चअखेर अनुदान खर्ची घालायचं म्हणून जास्त कमिशन देणाऱ्या विक्रेत्याकडून पुस्तकांचा गठ्ठा येतो, तो वेगळाच.

मराठी माणूस वाचत नाही म्हणणाऱ्यांनी दिवाळीनंतर वाचनालयात एक चक्कर मारावी. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक १९०९ साली काढला, तेव्हापासूनची ही सवय. एरवी न फिरकणारी माणसंही वेगळी वर्गणी भरून अंक नेतात. (राशिभविष्याची पानं सर्वांत आधी फाटतात, सबब अंक देण्याआधी पिना काढून दाभणानं शिवून घ्यावेत.) यातलं इंगित साधं आहे. अंक टेबलावर उघडे मांडलेले असतात.

तेव्हा भाषणाला पाहुणा बोलावण्याआधी कार्यकारिणीच्या पुढच्या सभेत हजारामागे पाच पुस्तकांचं नुकसान रास्त धरणारा तो ठराव घ्यावा. सुरुवातीला कादंबऱ्यांचं एकच कपाट सहा महिने उघडं ठेवावं आणि त्यातल्या चिठ्ठ्यांवरचे शिक्के शेजारच्या कुलूपबंद कपाटाशी ताडून पाहावेत.

आपला,
तालुक्याच्या गावातील एक ग्रंथपाल