खिशात काय असतं, हे विचारल्याबद्दल

मास्तर, नमस्कार.

परवा ५० मिनिटं मी सगळ्यांसमोर उभा राहून बोललो आणि एकदाही शर्ट खाली ओढला नाही.

हे सांगायला त्याच संध्याकाळी शहापूरला तुमच्या टेलरिंगच्या दुकानी आलो होतो. दुकानात दसऱ्याची गर्दी होती. तुमच्या गळ्यात टेप, ओठांत टाचण्या. "या की, बसा," म्हणालात, पण माझ्याच्यानं बोलवेना. गळा भरून आला होता. काजाचं काहीतरी निमित्त सांगून परत फिरलो. म्हणून आता लिहितोय, आणि चारचौघांना वाचता येईल असं लिहितोय. कारण माझ्यासारखे पुरुष या बेळगावात पुष्कळ आहेत. कामात डोकं चालतं, कपड्यांच्या दुकानाची पायरी मात्र नको वाटते.

मी काय करतो ते तुम्हाला माहीत आहे, वाचणाऱ्यांसाठी सांगतो. उद्यमबागेत हायड्रॉलिक पंपाचे सुटे भाग बनतात तिथे मी तपासणी विभागात आहे. दिवसभर माप घेणं हेच काम. मायक्रोमीटर हातात धरला की मिलिमीटरचा शंभरावा भाग दिसतो. पण वयाच्या ३४ व्या वर्षापर्यंत मला माझ्या स्वतःच्या खांद्याचं माप माहीत नव्हतं. शर्ट म्हणजे आईनं आणलेला, नाहीतर दिवाळीला दोनावर एक फुकट मिळतो म्हणून उचललेला. मी उंच आणि अंगानं बारीक, हात लांब. ३८ नंबर घेतला तर बाही मनगटाच्या वर राहते, ४० घेतला तर खांद्याची शिवण दंडावर उतरते. वर्षानुवर्षं मी ४० घातला आणि बाह्या दुमडून ठेवल्या.

लोक समजतात की अशा माणसाला कपड्यांची पर्वाच नसते. तसं नव्हतं. मला नीट दिसावंसं वाटत होतं. फक्त ते कुठे आणि कसं विचारायचं, हे कळत नव्हतं. आणि जिथे विचारलं तिथे जे ऐकलं ते अजून लक्षात आहे.

एका मोठ्या दुकानात, नाव घेत नाही, तिथल्या पोरानं सहा शर्ट माझ्या अंगाला लावून पाहिले आणि शेजारच्याला मोठ्यानं म्हणाला, "ह्यांच्या बॉडीला काही बसतच नाही." दोघं हसले. मी त्यातलाच एक शर्ट घेऊन पैसे देऊन बाहेर पडलो, कारण न घेता निघायला जास्त लाज वाटली. मावसभावाच्या लग्नात माझ्या कोटावरून जेवणाच्या पंगतीत चेष्टा झाली. आणि परवाच्या कार्यक्रमाच्या दोन आठवडे आधी, बाहेरचे पाहुणे कारखाना बघायला येणार आणि तपासणीचं सगळं तू सांगायचं असं ठरल्यावर, आमच्या एका साहेबांनी सगळ्यांसमोर ऐकवलं, "त्या दिवशी तरी जरा बरे कपडे घालून ये." बरे म्हणजे कसले, ते त्यांनी सांगितलं नाही. आजवर कोणीच सांगितलं नव्हतं. चूक दाखवणारे खूप भेटले, पण ती सुधारायची कशी, हे एकानंही सांगितलं नाही. याचा राग मला अजून आहे.

त्या संध्याकाळी पिशवीत सहा जुने शर्ट कोंबून तिसऱ्या रेल्वे गेटावरून तुमच्याकडे आलो. काय म्हणायचं ते वाटेत पाठ केलं होतं. तुम्ही ते म्हणूच दिलं नाहीत. पिशवी बाजूला ठेवलीत, मशीनवरच्या पोराला थांबायला सांगितलंत, कापायचं टेबल हातानं झाडलंत आणि म्हणालात, "खिशात काय काय असतंय तुमच्या? सगळं काढून ठेवा बघू इथं."

मी एकेक वस्तू काढली. सहा इंची स्टीलची पट्टी. दोन पेनं, एक निळं, एक लाल. चष्म्याचं फडकं. किल्ल्या. फोन. आणि माझी छोटी वही. ती बाहेर काढताना माझा हात अडखळला. या वहीवरून मला कॉलेजपासून चिडवतात. खिसा फुगतो, शर्ट एका बाजूला ओढला जातो, मग खिशाची टीप उसवते. आजवर प्रत्येकानं मला एकच सल्ला दिला, वही बाळगायचं सोड.

तुम्ही वही उचललीत. उघडली नाहीत. टेपनं तिची रुंदी घेतलीत, मग उंची, मग जाडी. पट्टी तिच्याशेजारी उभी धरून पाहिलीत. "हे रोज लागतंय?" विचारलंत. मी होय म्हणालो. "मग खिसा अर्धा इंच खोल करू. पट्टीला आतून वेगळा कप्पा. वही अशी आडवी बसेल," एवढंच म्हणालात आणि रजिस्टरमध्ये माझ्या नावापुढे पहिली नोंद वहीच्या मापाची केलीत. छाती, कंबर, बाही, सगळं नंतर.

मास्तर, तुम्हाला ती रोजची गोष्ट वाटली असेल. मी मात्र गेले दोन आठवडे तेवढंच आठवतोय. तोपर्यंत कपड्यांबद्दल जो कोणी माझ्याशी बोलला, त्यानं मला बदलायला सांगितलं. मी आहे तसा धरून, माझं काम काय, माझ्याजवळ काय असतं हे बघून, मग कापडाचं काय करायचं ते ठरवणारे तुम्ही पहिले.

माप घेतानाही तसंच. मी पोट आत ओढून ताठ उभा राहिलो तर म्हणालात, "रोज उभे राहताय तसे उभे राहा की. श्वास सोडा." आमच्याकडे मापाची खोली २० अंश सेल्सिअसवर ठेवतात, कारण उष्णतेनं धातू प्रसरण पावतो आणि मग माप खरं येत नाही. ताणून उभ्या राहिलेल्या माणसाचंही माप खरं येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. उजवा खांदा डाव्यापेक्षा पाव इंच खाली आहे, तेही तुम्ही पाहिलंत आणि लिहिलंत. "बॅग एकाच खांद्यावर घेताय काय?" म्हणालात. बस्स. त्यात टोमणा नव्हता. आम्ही जॉबचं, म्हणजे तपासायला आलेल्या भागाचं, रीडिंग घेतो तेव्हा त्याला नावं ठेवत नाही, नोंद करतो. माझ्या अंगाची तशी नोंद कोणी घेईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

आणि मग तुम्ही शिकवलंत. माझ्यासारख्या सगळ्यांसाठी ते इथे उतरवतो, कारण इतकं साधं असूनही ते आम्हाला कोणी सांगत नाही. तयार शर्ट घेताना आधी खांदा बघायचा. शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकाशी आली पाहिजे. बाजू आत घेता येतात, बाही आखूड करता येते, पण खांदा उतरलेला असेल तर शर्ट तिथेच ठेवून यायचं. बाही मनगटाच्या हाडापाशी संपावी. कॉलरचं बटण लावल्यावर आत दोन बोटं जावीत. शर्ट बाहेर सोडून घालायचा असेल तर तो मागच्या खिशाच्या निम्म्यापर्यंत यावा, त्याखाली गेला की माणूस बुटका दिसतो. माझे सहा शर्ट तुम्ही या एका नजरेनं चाळलेत. चार घेतलेत, दोन परत दिलेत. "ह्यांच्यावर पैसे घालू नका, खांदा जमायचा नाही." सहाही घेतले असतेत तर मला काय कळणार होतं?

रंगांचं तर तुम्ही माझ्याच भाषेत समजावलंत. गडद निळी, राखाडी आणि तपकिरी अशा ३ पॅंट. पांढरे, फिकट निळे, एखादा बारीक रेघांचा असे ५ शर्ट. कुठलाही शर्ट कुठल्याही पॅंटवर चालला पाहिजे. ५ गुणिले ३, १५ जोड्या, आणि सकाळी कपाटापुढे उभं राहून विचार करायला नको. पट्टा आणि बूट एका रंगाचे. मोजे पॅंटच्या रंगाला जवळचे. आपल्याकडे जूनपासून चार महिने पाऊस आणि चिखल, म्हणून रोजच्या पॅंटची उंची टाचेवर लोळणार नाही इतकीच. अंगठ्या, साखळ्या, चकचकीत बकलं यातलं काही तुम्ही सुचवलं नाहीत. मला हवं होतं ते हेच. उठून दिसायचं नव्हतं, फक्त बरोबर दिसायचं होतं.

खरेदीचा कंटाळा आहे म्हटल्यावर लोक उपदेश करतात. तुम्ही म्हणालात, "माप आता रजिस्टरमध्ये आहे. कापड पाठवा, तुम्ही नाही आला तरी चालतंय." खरेदी टाळणाऱ्या माणसाला याहून मोठा दिलासा काय असणार!

तुमच्या दुकानात त्या दिवशी मी पाऊण तास बसलो होतो. कोणी कन्नडमध्ये विचारत होतं, तुम्ही कन्नडमध्ये उत्तर देत होतात. काज-बटण करणाऱ्या पोराशी दखनीत. एका म्हाताऱ्या आजोबांना धोतरावर घालायचा सदरा हवा होता, त्यांना नीट ऐकू येत नव्हतं, तर तुम्ही उठून त्यांच्या कानाशी जाऊन बाहीची उंची विचारलीत. मागच्या भिंतीवर विठोबाची तसबीर, शेजारी नामदेव महाराजांची. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून आपल्या या सीमाभागात माणसाला पहिल्यांदा त्याची बाजू विचारली जाते, महाराष्ट्राची की कर्नाटकाची. तुमच्या टेबलाशी मी तो प्रश्न ऐकला नाही. सौजन्य म्हणजे गोड बोलणं, असं मला वाटायचं. तुम्ही फार गोड बोलत नाही. पण समोरच्याकडे पूर्ण लक्ष देता, आणि तो गेल्यावर त्याच्याबद्दल मागे काही बोलत नाही. खानापूरच्या गाडीत आईला हाताला धरून चढवणारा कंडक्टर, मला दहावीत एकच प्रमेय चार वेळा न रागावता समजावणारे सर, अशी मोजकी माणसं माझ्या आयुष्यात आली. त्यांच्यामुळे मी या गावात राहिलो आहे, पुण्याला गेलो नाही.

परवाचं सांगायचं राहिलंच. फिकट निळा शर्ट, राखाडी पॅंट. पाहुण्यांपैकी एका बाईंनी एका छिद्राच्या व्यासाबद्दल विचारलं, आकडा मला तोंडपाठ नव्हता. मी खिशात हात घातला, वही आडवीच होती, एका झटक्यात बाहेर आली. टीप उसवली नाही, पेन खाली पडलं नाही. आकडा वाचून दाखवला आणि वही परत जागेवर गेली. माझ्या कपड्यांबद्दल दिवसभरात कोणी अवाक्षर काढलं नाही. साहेबांनीही नाही. सगळे व्यासाबद्दल बोलत होते. मला आयुष्यभर एवढंच हवं होतं, मास्तर.

खडे बाजारातून पांढऱ्या सुती कापडाचे दोन तुकडे आणलेत. कापायच्या आधी भिजवायचं, नाहीतर पहिल्या धुण्यात आटतं, हे तुम्ही सांगितलेलं विसरलो नाही. आत्ता बादलीत आहेत. उद्या सावलीत वाळवतो, आणि दसऱ्याची गर्दी ओसरली की घेऊन येतो. वही तीच आहे, माप बदललेलं नाही.

तुमचा,
उजवा खांदा पाव इंच खाली असलेला गिऱ्हाईक