कोकुल्लोच्या उत्सवासाठी माणसे हवीत, वर्गणी हवी

नमस्कार मंडळी,

रोम आणि आब्रुत्सो भागात राहणाऱ्या आम्हा मराठी कुटुंबांचा हा निरोप इटलीतल्या सगळ्या मराठी बंधू-भगिनींसाठी आहे. १ मे जवळ आला. आपला महाराष्ट्र दिन, आणि त्याच दिवशी लाकुइला प्रांतातल्या कोकुल्लो गावात सान दोमेनिको या संताचा उत्सव. यंदा आपण तिथे मदतीला जायचे ठरवले आहे.

ज्यांनी हा उत्सव पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. दोमेनिको हे फोलिन्योत ९५१ साली जन्मलेले आणि सोरा येथे १०३१ साली वारलेले मठाधिपती. त्यांनी आपला एक दात आणि खेचराची एक नाल कोकुल्लोला दिली अशी श्रद्धा आहे. दोन्ही गावाने जपून ठेवली आहेत. साप चावला, पिसाळलेला कुत्रा चावला, दात दुखू लागला की इथली माणसे याच संताला हाक मारतात. उत्सवात भाविक देवळातल्या घंटेची साखळी दातांत धरून ओढतात, मूर्तीमागची माती मुठीने घेऊन घरी नेतात, शेतात टाकतात.

मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, संपली की दुपारी मूर्ती बाहेर येते आणि सेर्पारी, म्हणजे गावातले साप पकडणारे, तिच्या अंगाखांद्यावर जिवंत साप सोडतात. सापांनी मूर्तीचे डोळे झाकले तर वर्ष वाईट जाणार, असे जुने लोक मानतात. मग मूर्ती खांद्यावर घेऊन गल्ल्यागल्ल्यांतून मिरवणूक निघते. पारंपरिक वेषातल्या मुली चांबेल्लानी नावाच्या गोड, कड्याच्या आकाराच्या पावांच्या टोपल्या डोक्यावर घेऊन सोबत चालतात. ते पाव मूर्ती वाहणाऱ्यांचा मान. या डोंगराळ मुलखात प्राचीन काळी मार्सी लोक राहत आणि त्यांची अंगित्सिया ही देवी सापांशी जोडलेली होती, म्हणून अनेक अभ्यासक या प्रथेची मुळे ख्रिस्ती धर्माच्याही मागे शोधतात.

हे वाचून बत्तीस शिराळ्याची नागपंचमी आणि तिच्यावरून झालेले कोर्टकज्जे अनेकांना आठवतील. सापांचे हाल होत असतील तर मदत कशाला, हा प्रश्न आमच्यातही निघाला होता, आणि तो निघायलाच हवा. कोकुल्लोत वापरतात ते सगळे साप बिनविषारी असतात. त्यांतल्या चार रेघांच्या मोठ्या सापाला युरोपीय कायद्याचे संरक्षण आहे, म्हणून पकडण्यासाठी सरकारी परवानगी लागते. सर्पतज्ज्ञ आणि पशुवैद्यक सापांची तपासणी करतात, मोजमाप घेतात, आणि उत्सवानंतर साप पकडले त्याच जागी सोडले जातात. श्रद्धा आणि अभ्यास असे एकत्र नांदताना फार थोड्या ठिकाणी दिसतात. आम्हाला या उत्सवाचे मोल वाटते ते यामुळेच.

अडचण आहे ती माणसांची. कोकुल्लोत आता जेमतेम दोनशेच्या आसपास लोक उरले आहेत, त्यांतही म्हातारेच जास्त. तरुण रोमला, पेस्काराला, परदेशात. आणि १ मेला या एवढ्याशा गावात हजारो पाहुणे उतरतात. रस्ते झाडणे, वाहने लावून घेणे, पाणी पुरवणे, दमलेल्याला सावलीत बसवणे, दुसऱ्या दिवशी कचरा उचलणे, हे सगळे कोण करणार? गाव सोडून गेलेली माणसे त्या दिवशी परत येऊन राबतात, तरी हात कमीच पडतात. मंडळाच्या मांडवात रात्र जागवलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.

म्हणून विनंती अशी. ३० एप्रिलची संध्याकाळ ते २ मेची सकाळ यातला जमेल तेवढा वेळ द्या. डॉक्टर, परिचारिका आणि बरी इटालियन बोलणारे यांची विशेष गरज आहे. ज्यांना येणे शक्य नाही त्यांनी वर्गणी द्यावी. आकडा ठरवलेला नाही; विद्यार्थ्यांचे पाच युरोही तितक्याच आनंदाने घेऊ. जमलेली सगळी रक्कम गावच्या उत्सव समितीच्या हाती देऊ आणि हिशेब सर्वांसमोर मांडू. आपला प्रवास, जेवण ज्याने त्याने पाहायचे, वर्गणीतला एक पैसाही त्यावर खर्च होणार नाही.

येणाऱ्यांनी शक्यतो रेल्वेनेच यावे. रोम–पेस्कारा मार्गावर कोकुल्लोचे स्वतःचे स्थानक आहे, आणि गावात गाड्यांना जागा नाही. गाव सुमारे नऊशे मीटर उंचीवर आहे, मे महिन्यातही गारठा असतो, स्वेटर आणा. खाणेपिणे गावातच विकत घ्या. साप हातात घ्यायचा असेल तर सेर्पारींना विचारूनच घ्या, आणि मुलांना एकटे सोडू नका. मूर्ती समोरून जात असताना फोन खाली ठेवा. तिथल्या आजीबाई त्या क्षणी हात जोडून उभ्या असतात.

नावे १५ एप्रिलपर्यंत कळवा. याच निरोपाला उत्तर म्हणून आपले नाव, किती जण येणार आणि कोणते काम करू शकाल एवढे लिहिले तरी पुरे.